एचओ स्केलमध्ये बोरघाट: कातळ, बोगद्याचं तोंड आणि पाण्याचे डाग

कातळ (धागाकर्ता)

एचओ स्केलमध्ये, म्हणजे १:८७ प्रमाणात, केलेल्या मॉडेल रेल्वेच्या घाट-देखाव्यांच्या फोटोंत रूळ, इंजिनं, डबे नेमके असतात, पण डोंगर सह्याद्रीचा वाटत नाही. बहुतेक जण परदेशी व्हिडिओ पाहून चुरगाळलेल्या फॉइलच्या साच्यात पीओपी ओततात आणि वरून राखाडी वॉश (पाण्यासारखा पातळ रंग) मारतात. त्यातून ग्रॅनाइटसारखा अणकुचीदार, कुठूनही फुटलेला खडक तयार होतो. आपला खडक बेसॉल्टचा आहे. लाव्हाचे थर एकावर एक आडवे पसरून तो झाला, म्हणून कडा पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. आडव्या रेषा सलग आणि उभ्या भेगा तुटक, एवढं जमलं तरी रंग देण्याआधीच डोंगर ओळखू येतो.

हा धागा १२० × ६० सेमीच्या तुकड्यासाठी आहे: दुहेरी मार्ग, एका बाजूला कापलेला कडा, बोगद्याचं तोंड, दरीच्या बाजूला दगडी धारक भिंत, गँगमनची खोली. चढ १:३७, म्हणजे मीटरला २७ मिमी. १८६३ मध्ये घाट सुरू झाला तेव्हापासून हाच आकडा या घाटाची ओळख आहे, तो कमी करू नका.

पाया: १२ मिमी मरीन प्लाय, खाली ४० × २० मिमी लाकडी चौकट. एमडीएफ नको, खडी चिकटवताना पडणाऱ्या पाण्याने ते कडेला फुगतं आणि रुळाचा जोड वर उचलला जातो.

कडा: ५० मिमी एक्सपीएस (घट्ट, बारीक छिद्रांचा पॉलिस्टायरिन फोम) शीट, गच्चीच्या उष्णतारोधनासाठी विकतात ती. पॅकिंगचा थर्माकोल दाणेदार फुटतो, त्याचे मणी रंगाखालूनही दिसतात. शीटचे तुकडे सुरीने अर्धे चिरून हाताने मोडा. मोडलेली कड दर्शनी ठेवा आणि प्रत्येक वरचा थर ५ ते १५ मिमी मागे सरकवून चिकटवा. मग तारेचा ब्रश फक्त आडवा ओढा. उभ्या भेगा सुरीच्या टोकाने, एका थरापुरत्याच. त्या थर ओलांडून खाली गेल्या की कडा विटांच्या भिंतीसारखा दिसू लागतो.

दोन थरांमध्ये कुठेतरी लालसर मातकट पट्टा द्या. दोन लाव्हाप्रवाहांच्या मध्ये असा पट्टा खरोखर सापडतो. प्रत्यक्षात अर्धा ते एक मीटर धरला तर १:८७ मध्ये तो ६ ते ११ मिमी भरतो. ३५ सेमी उंचीच्या कड्यात एकच पुरे.

गेरू

रंगाचं मी लिहितो. सर्वांत मोठी चूक म्हणजे बेसॉल्ट काळा रंगवणं. ओला असतो तेव्हाच तो काळा दिसतो, कोरडा असताना तपकिरी झाक असलेला राखाडी असतो आणि जुन्या उघड्या पृष्ठावर पिवळट-तांबूस पापुद्रा असतो. त्यामुळे आधी महिना ठरवा. जुलैचा डोंगर आणि मार्चचं गवत एकाच देखाव्यात आलं की पाहणाऱ्याला काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण चुकलंय हे लगेच कळतं.

कोरड्या हंगामासाठी माझं माप: काळा १ भाग, बर्न्ट अंबर २, पांढरा २, सगळं साधं ॲक्रिलिक. हा थर पूर्ण झाकणारा. वाळल्यावर काळा आणि बर्न्ट अंबर समप्रमाणात घेऊन एका भागाला २० भाग पाणी, भांडी घासायच्या द्रावणाचा एक थेंब, आणि वरून खाली वॉश. शेवटी यलो ऑकरमध्ये पांढरा मिसळून ड्रायब्रश (रंग जवळपास पुसून टाकलेला कोरडा ब्रश), फक्त पायऱ्यांच्या वरच्या कडांवर. उभ्या पृष्ठावर ड्रायब्रश फिरला की खडकावर पीठ सांडल्यासारखं दिसतं.

पावसाळ्यासाठी पांढरा पूर्ण वगळा. पेन्स ग्रे (निळसर गडद राखाडी) आणि रॉ अंबर. झिरपत्या पट्ट्यांवर सॅटिन (मंद चमकेचं) व्हार्निश, बाकी सगळं मॅट. ग्लॉस नको, त्याने कडा प्लास्टिकचा दिसतो.

स्प्रेच्या डब्याने प्राइमर मारू नका. त्यातला द्रावक थर्माकोल आणि एक्सपीएस दोन्ही खातो. आधी ॲक्रिलिकचे दोन हात ब्रशने देऊन सगळी छिद्रं बंद करा.

सांधेवाला

बोगद्याच्या तोंडाचं माप कड्याआधी घ्या. नंतर डबा भिंतीला घासतो आणि सगळं फोडावं लागतं.

आयसीएफ (चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या जुन्या रचनेचा) प्रवासी डबा साधारण २१.३ मीटर लांब आणि ३.२५ मीटर रुंद, म्हणजे एचओमध्ये २४५ मिमी आणि ३७ मिमी. दोन बोगींच्या (डब्याखालच्या चाकांच्या चौकटींच्या) केंद्रांतलं अंतर १४.७८ मीटर, म्हणजे १७० मिमी. ४५० मिमी त्रिज्येच्या वळणावर डब्याचा मध्य आतल्या बाजूला ८ मिमी सरकतो आणि टोकं बाहेरच्या बाजूला साधारण ८.५ मिमी जातात. म्हणजे एका मार्गाला ३७ + ८ + ८.५, वर दोन्ही बाजूंना ३-३ मिमी मोकळीक: ६० मिमी. सरळ मार्गावर ४५ पुरतात. वळण संपल्यावर बोगद्यात शिरण्याआधी डब्याच्या एका लांबीइतका मार्ग सरळ ठेवता आला तर तोंड अरुंद ठेवता येतं आणि दिसायलाही ते खरं वाटतं.

बोगद्याच्या आत किमान १५ सेमीपर्यंत दगडी अस्तर करा आणि पुढे मॅट काळा. नुसतं भोक ठेवलं तर प्लायची कड दिसते.

गेजबद्दलही (दोन रुळांमधल्या अंतराबद्दल) सांगून ठेवतो, कारण प्रश्न येणारच. १६७६ मिमी ब्रॉडगेज एचओमध्ये १९.३ मिमी होतो आणि बाजारातला रूळ १६.५ मिमीचा आहे. हा फरक स्वीकारावा लागतो. तो डोळ्यांना कमी खुपावा यासाठी रूळ बारीक घ्या. ६० किलोच्या रुळाची उंची १७२ मिमी, म्हणजे एचओमध्ये २ मिमीच्या किंचित आत. कोड म्हणजे रुळाची उंची इंचाच्या हजाराव्या भागांत; कोड ८३ चा रूळ २.१ मिमी असतो, कोड १०० चा २.५. कोड १०० वर गाडी उत्तम धावते, पण फोटोत रूळ जाडजूड दिसतो.

दुसरी_घंटा

बोगद्याच्या काजळीबद्दल विचारायचं होतं. तोंडाच्या कमानीवर सगळीकडे काळं करायचं की फक्त माथ्यावर?

गेरू

आधी काळ कोणता ते ठरवा. १९३० च्या सुमारास या घाटात विजेवरच्या गाड्या धावू लागल्या. त्याआधीचा, वाफेचा काळ घेतला असेल तर काजळी भरपूर, पण सगळीकडे सारखी नाही. धुराड्याच्या बरोबर वर ती सर्वांत दाट असते. दुहेरी मार्गाच्या बोगद्यात दोन वेगळे डाग पडतात, मधे जागा फिकट राहते. चढणाऱ्या गाडीचं इंजिन पूर्ण जोरात ओढतं, उतरणाऱ्याचं जवळपास मोकळं असतं, म्हणून चढाच्या मार्गावरचा डाग ठळक हवा. काजळी काळ्या ऑक्साइडच्या भुकटीने, कोरड्या ब्रशने, खालून वर. रंगाने केली तर कड दिसते.

विजेच्या काळातला देखावा असेल तर माथ्यावर धुतलेली, करडी छटा पुरे. तिथे पाण्याचे डाग महत्त्वाचे.

कातळ

पाण्याच्या डागांवर सगळ्यात जास्त वेळ द्या. रंग लावण्याआधी दगडी भिंतीवर पेन्सिलने पाण्याचा मार्ग आखा: ते कुठून निघतं, कुठे अडतं, कुठे थेंब पडतो. डाग फक्त त्या रेषांवर येतो, स्पंजने सगळीकडे टिपून नव्हे.

धारक भिंतीतून पाणी निचऱ्याच्या भोकांमधून बाहेर येतं. प्रत्येक भोकाखाली काळपट-हिरवा ओघळ सुरू होतो, खाली येत रुंद होतो आणि फिका पडतो. चुन्याच्या जुन्या बांधकामात सांध्यांतून पांढरट क्षार बाहेर येतात, तेही पाणी झिरपतं तिथेच. कातळातून पाझरणाऱ्या पाण्याबरोबर लोह येतं, तो डाग गंजाच्या रंगाचा. म्हणजे तीन ओघळ, तिघांच्या उगमाच्या जागा वेगळ्या. एकाच ओळीत तिन्ही काढले की सगळा परिणाम जातो.

ओघळ काढायची पद्धत: बारीक ब्रशने उगमावर रंगाचा ठिपका, तो ओला असतानाच स्वच्छ, जेमतेम दमट ब्रशने खाली ओढायचा. एका झटक्यात. दुसऱ्यांदा ओढला की कड धुऊन जाते. जमलं नाही तर लगेच ओल्या फडक्याने पुसा, वाळल्यावर ॲक्रिलिक निघत नाही.

भिंतीचे दगड: प्रत्यक्षात २० ते ३० सेमी उंचीचा थर, म्हणजे २.३ ते ३.४ मिमी. ३ मिमी फोमशीटवर बोथट पेनाने रेषा दाबा, मग रस्त्यावरचा खडबडीत दगड उचलून त्याने हलक्या हाताने ठोका. दर पंधरा-वीस दगडांतला एक वेगळ्या छटेचा रंगवा. त्याहून जास्त केले तर भिंत ठिपक्यांची दिसते.

पाणवठा

खडीबद्दल महत्त्वाचं. क्रशरवरची बारीक ग्रिट किंवा क्रश सँड चाळून वापरणं स्वस्त आहे आणि रंगही अचूक मिळतो, कारण खऱ्या मार्गावरही तोच दगड असतो. पण दख्खनच्या बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट (चुंबकाला चिकटणारं लोहखनिज) असतं. हे कण इंजिनाच्या मोटरच्या चुंबकाला चिकटतात आणि काही दिवसांत मोटर जाम होते. प्लास्टिकच्या पिशवीत जोरदार चुंबक ठेवून खडीवरून आठ-दहा वेळा फिरवा. जे चिकटेल ते टाकून द्या. काही खाणींच्या ग्रिटमध्ये इतकं निघतं की ती कड्याच्या पायथ्याच्या राड्यारोड्यासाठीच वापरावी लागते, रुळात नाही.

आकार: रेल्वेची खडी ६५ मिमीपर्यंतची, म्हणजे एचओमध्ये जास्तीत जास्त पाऊण मिमी. ०.८ मिमीच्या चाळणीतून पडलेली आणि ०.४ वर अडलेली घ्या. दुकानातली चहाची गाळणी जाळी मोजून घेतली तर चालते.

चिकटवणं: खडी कोरडी पसरून मऊ ब्रशने आकार द्या, स्लीपरचा माथा पूर्ण मोकळा हवा. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी समप्रमाणात, बारीक फवारा, दूरून. खडी पूर्ण भिजली की ड्रॉपरने फेव्हिकोल १ आणि पाणी ३, त्यात साबणाचा थेंब. आधी न भिजवता फेव्हिकोल सोडला की थेंब गोळा होतो, खडीचे डोंगर होतात आणि मधे खड्डे पडतात. बहुतेकांची अडचण इथेच होते.

सांध्यापाशी, म्हणजे गाडी मार्ग बदलते तिथे, टंग रेलच्या (सरकणाऱ्या निमुळत्या रुळाच्या) हलत्या भागाला आधी तेलाचा एक थेंब, आणि तिथे फेव्हिकोल ड्रॉपरने नाही, टूथपिकने.

सांधेवाला

पाणवठा यांच्याशी सहमत. रुळाच्या रंगाबद्दल भर: रुळाची बाजू भगवी रंगवू नका. चालू मार्गावर ती गडद चॉकलेटी असते. घाटात दोन मार्गांमध्ये फरक दाखवता येतो. उताराच्या मार्गावर ब्रेक सतत लागलेले असतात, ब्रेकच्या ठोकळ्यांचा लोखंडी चुरा खडीवर पडून ती तपकिरी होते. चढाच्या मार्गावर चाकं घसरू नयेत म्हणून इंजिन वाळू सोडतं, त्यामुळे रुळालगत फिकट पट्टा. हा फरक अगदी हलका ठेवा, पण ठेवाच. त्याने चढ-उतार न सांगता कळतो.

कॅच सायडिंगचा, म्हणजे उतारावर ताबा सुटलेली गाडी वळवून थांबवायच्या फाट्याचा, रूळ क्वचित वापरला जातो, त्याचा माथाही गंजलेला हवा. तिथे वीज द्यायची नसेल तर माथ्यावर बर्न्ट अंबरचा पातळ हात द्या. बाकी सगळीकडे रंग वाळायच्या आत माथा अल्कोहोलच्या फडक्याने पुसा.

शंटर_मिरज

बोरघाट नाही, पण जवळचा विषय. बार्शी लाइट रेल्वेचा गेज ७६२ मिमी होता. १:८७ मध्ये तो ८.७६ मिमी होतो, म्हणजे बाजारात मिळणारा ९ मिमीचा एचओई (एचओ स्केलमधल्या नॅरोगेजचा) रूळ जवळपास अचूक बसतो. ब्रॉडगेजवाल्यांना जी तडजोड करावी लागते ती इथे नाही. शकुंतलेलाही, म्हणजे मूर्तिजापूर-यवतमाळ-अचलपूर मार्गालाही हेच लागू.

तिथे अडचण जमिनीची आहे. काळी माती देखाव्यात खरी वापरायचा मोह होतो. ती पाण्याने फुगते आणि वाळताना आक्रसते, त्यामुळे फेव्हिकोलचं पाणी पडलं की दुसऱ्या दिवशी बोटभर लांबीच्या भेगा. प्रत्यक्षात त्या भेगा उन्हाळ्यात हातभर खोल असतात, पण एचओमध्ये बोटभर भेग म्हणजे सहा-सात मीटरची दरी. उपाय: खालचा थर पीओपीचा, काळा आणि बर्न्ट अंबर मिसळून रंगवलेला. त्यावर फेव्हिकोलचा पातळ हात आणि ओला असतानाच कापडातून चाळलेली काळी माती भुरभुरायची, अर्ध्या मिलिमीटरहून कमी. वरून पाणी नाही, फक्त अल्कोहोलचा फवारा.

कोणतीही खरी माती आधी ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर पाऊण तास तापवा आणि तिच्यावरूनही चुंबक फिरवा. जांभ्याच्या लाल मातीलाही हाच नियम.

दुसरी_घंटा

गँगमनच्या खोलीच्या छतावर पत्रे हवेत की मंगलोरी कौलं? आणि पत्रे एवढे बारीक कसे करायचे?

कातळ

दोन्ही चालतात, पण घाटातल्या पावसात दोघांचं जुनं होणं वेगळं.

पत्रा: पन्हळीचं अंतर प्रत्यक्षात ७६ मिमी, एचओमध्ये ०.८७. एम-५ च्या (५ मिमी जाडीच्या) आट्यांच्या सळईचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, ०.८ मिमी, म्हणजे जवळचाच. ॲल्युमिनियमच्या जेवणाच्या ट्रेचा सपाट भाग जुन्या माउसपॅडवर ठेवा आणि सळई दाबून लाटण्यासारखी फिरवा. आटे तिरके असल्यामुळे रेषा साधारण ३ अंश तिरक्या उमटतात, म्हणून पत्रा ट्रेच्या कडेला समांतर न कापता उमटलेल्या रेषांना समांतर कापा. तुकडे २८ × ९ मिमी, एक-दोन पन्हळींचा ओव्हरलॅप. सबंध छत एकाच तुकड्याचं केलं की खोटं दिसतं. गंज कापलेल्या कडेला, खिळ्यापाशी आणि ओव्हरलॅपखाली सुरू होतो, पत्र्याच्या मधोमध नाही.

कौलं: एक कौल साधारण ४१ × २४ सेमी, म्हणजे ४.७ × २.८ मिमी, त्यातलं ३.७ मिमी उघडं दिसतं. क्राफ्टच्या बारीक पन्हळी कागदाच्या ४.७ मिमी पट्ट्या कापून खालून वर एकावर एक चढवा. आधी सगळं छत लाल ऑक्साइड आणि बर्न्ट अंबरने, मग पन्हळीच्या खोलगट भागात काळपट वॉश. शेवाळ प्रत्येक कौलाच्या खालच्या कडेला, पन्हाळीत आणि झाडाच्या सावलीतल्या उतारावर. शंभरातली चार-पाच कौलं उजळ नारिंगी ठेवा, ती बदललेली. कोन्याच्या कौलांखाली चुन्याची करडी रेघ विसरू नका, ती नसेल तर छत तरंगतं.

गेरू

लाल, पिवळा, काळा ऑक्साइड रंगाच्या दुकानात कोब्यासाठी सुटा मिळतो, वेदरिंगच्या (जुनं, मळलेलं दाखवायच्या) महागड्या भुकट्यांची गरज नाही. पण लाल ऑक्साइड अतिशय जोरकस असतो. तसाच वापरू नका. तीन भाग तपकिरी माती किंवा पिवडी मिसळून एक भाग लाल. भुकटी लावताना मास्क घाला.

भुकटी ब्रशने चोळून अल्कोहोलचा थेंब सोडला की ती पृष्ठभागाला धरते. वरून व्हार्निश मारलं तर निम्मी भुकटी दिसेनाशी होते. ज्याला हात लागणार नाही त्यावर व्हार्निश नको. लागणारच असेल तर भुकटी आधी हवी त्यापेक्षा गडद लावा. आणि पावसाळी हवेत स्प्रे व्हार्निश मारू नका, हवेतला ओलावा अडकून पांढरी साय धरते.

पाणवठा

गवताबद्दल कुणी लिहिलं नाही. घाटातलं गवत ऑक्टोबरनंतर झपाट्याने पिवळं पडतं, पण पाझराच्या रेषेलगत हिरवं राहतं. सुतळी उसवून ४ ते ६ मिमी तुकडे केले तर वाळलेल्या गवताचा रंग आपोआप मिळतो. उभं राहण्यासाठी स्टॅटिक यंत्र, म्हणजे तंतूंना विद्युतभार देऊन उभं करणारं यंत्र, लागतं. डासांच्या बॅटीपासून घरी बनवलेल्या यंत्राचं व्होल्टेज कमी पडतं, २ मिमी तंतू उभे राहतात, ६ मिमीचे आडवे पडतात. बॅट उघडणार असाल तर आतला कपॅसिटर रोधकातून डिस्चार्ज केल्याशिवाय हात लावू नका.

लाकडाचा भुसा, वाळकी फुलं, सुतळी यांना पावसाळ्यात बुरशी येते. भुसा ॲक्रिलिकच्या पाण्यात बुडवून पूर्ण वाळवलेला हवा. किडीसाठी म्हणून फेव्हिकोलमध्ये टाकणखार मिसळायचा सल्ला कुठे कुठे दिसतो. तसं करू नका, फेव्हिकोल लगेच रबरासारखा गोळा होतो.

दुसरी_घंटा

कड्यावरून धबधबा दाखवायचाच आहे, देखावा ऑगस्टचा ठरलाय.

कातळ

पारदर्शक सिलिकॉन, पण न्यूट्रल क्युअरचा. व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन वाळताना आम्ल सोडतो आणि जवळच्या रुळाला, तारांना गंज चढवतो.

पॉलिथिनच्या कागदावर धबधब्याच्या लांबीपेक्षा ३ सेमी जास्त लांब पट्टे ओढा, टूथपिकने वरून खाली विंचरा, ओला असतानाच टायटॅनियम पांढऱ्या भुकटीची चिमूट खालच्या तिसऱ्या भागात ओढून घ्या. वाळलेल्या सिलिकॉनवर रंग धरत नाही, म्हणून पांढरा आत्ताच. चोवीस तासांनी सोलून कड्याच्या पायरीपायरीवर टेकवत चिकटवा. सह्याद्रीत पाणी एका झेपेत क्वचितच खाली येतं, थराथरावर आपटत येतं. जिथे टेकतं तिथे थोडा जास्त पांढरा. धबधब्याच्या दोन्ही बाजूंचा कडा दोन-तीन सेमीपर्यंत ओला, म्हणजे पेन्स ग्रे आणि सॅटिन व्हार्निश, आणि हे सिलिकॉन चिकटवण्याआधी. खाली आलेलं पाणी रुळाखालून मोरीतून दरीत गेलं पाहिजे. मोरी नसेल तर आधी मोरी करा, मग धबधबा.